झालं का वाक्य?

आमच्या शेजारचा रघू कुणालाही 'कसे आहात' असं विचारत नाही. नमस्कार-चमत्कारही नाही. तुम्ही त्याला मागं कधी भेटला असाल, तेव्हा तुमच्या तोंडून जे शेवटचं निघालं होतं ते तो तुम्हाला जसंच्या तसं ऐकवतो आणि गप्प उभा राहतो. तिथून पुढं तुम्ही बोलायचं.

मागच्या थंडीत मी नगरला धाकट्या लेकीच्या बाळंतपणाला गेले होते. चांगले दोन-अडीच महिने राहिले. परत आले, रिक्षातून उतरले, दोन्ही हातांत पिशव्या, डोक्याला स्कार्फ. रघू फाटकातच उभा होता. मला वाटलं, आता विचारेल, लेक कशी आहे, बाळ कुणासारखं आहे.

तर म्हणाला, "'त्या गिरणीवाल्यानं माझ्या गव्हात'."

"काय रे?"

"तुम्ही जाताना सांगत होता, काकू. 'त्या गिरणीवाल्यानं माझ्या गव्हात' इथपर्यंत आला होता. मग रिक्षा आली."

आता खरं सांगायचं तर गिरणीवाल्यावरचा माझा राग केव्हाच निवून गेला होता. गहू, गिरणी, सगळं मी विसरून गेले होते. पण हा असा डोळे लावून उभा, की मला तिथंच पिशव्या खाली ठेवाव्या लागल्या. गिरणीवाल्यानं माझ्या गव्हात दुसऱ्याची ज्वारी कशी मिसळली, मी त्याला काय बोलले, तो काय म्हणाला, सगळं सांगितलं. सांगता सांगता राग परत आला. रिक्षावाला पैशासाठी थांबलेला, तोही ऐकत बसला.

माझं झाल्यावर रघू थोडा वेळ थांबला. मग म्हणाला, "संपलं?"

"संपलं बाबा."

"बरं. बाळ कसं आहे?"

असा हा रघू. राहात्याच्या अलीकडं, पाटाच्या कडेनं आमची वस्ती आहे, दहा-बारा घरांची. पेरूच्या बागा, मध्ये मध्ये घरं. माझं घर आणि त्याचं घर यांच्यामध्ये एक तारेचं कुंपण आहे, तेही निम्मं पडलेलं. चाळिशी उलटून गेली त्याची, लग्न केलं नाही. अंगानं काटकुळा, चष्मा, पायात कायम स्लीपर. बरीच वर्षं पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. आता तेच काम घरी ओट्यावर बसून करतो.

हे काम म्हणजे नेमकं काय, हे मी त्याला एकदा विचारलं. माझी शाळा सातवीपर्यंतची, पण मला विचारायची लाज नाही. न विचारता मान हलवणाऱ्यांची मात्र मला कीव येते.

तो म्हणाला, "काकू, पेरूचा भाव मोबाईलवर बघायला तुम्ही काय करता?"

"पान उघडते. अंगठ्यानं खाली ओढते आणि सोडते. नवीन आलं असेल तर दिसतं."

"म्हणजे दर वेळी तुम्ही जाऊन विचारता. आलं का, आलं का. मी जी पानं करतो तिथं विचारावं लागत नाही. एकदा कान लावून बसायचं. वाट उघडीच ठेवायची. तिकडं काही घडलं, की ते आपोआप आपल्याकडं येतं."

"आणि आपल्याला तिकडं काही सांगायचं असलं तर?"

"त्या वाटेनं नाही सांगता येत. ती वाट एकेरी आहे. पाटाच्या पाण्यासारखी. वरून येतं, आपण घ्यायचं."

मी लगेच म्हटलं, "म्हणजे तुझे तात्या."

तो पहिल्यांदाच माझ्यासमोर हसला. "हं," म्हणाला.

तात्या म्हणजे त्याचे वडील, आणि तात्या काय होते ते सांगितल्याशिवाय हा रघू कळायचा नाही. तात्या आमच्या भागाचे पाटकरी. भंडारदऱ्याचं पाणी पाटाला सुटलं, की ते कुठल्या चारीला, म्हणजे पोटपाटाला, कधी द्यायचं, दारं कधी उघडायची, कधी लावायची, हे सगळं त्यांच्याकडं. खाकी सदरा, सायकल, हँडलला अडकवलेलं फडकं. पाणी पाटानं येतंय आणि त्याच्या पुढं पुढं तात्या सायकलवर येतायत, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. प्रत्येक फाट्याला पाय टेकवायचा, दोन्ही तळवे तोंडाशी धरायचे आणि हाक मारायची. "पाणी आलं होऽऽ." काय आवाज होता त्या माणसाचा. ती हाक रानातून, बागांमधून, कुणाच्या भिंतीवरून उड्या मारत यायची. आम्ही बाया हातातलं टाकून उठायचो. कुणी फावडं घ्यायचं, कुणी पोराला पिटाळायचं मालकाला उठवायला. आता मोबाईलवर सगळं येतं, बरंच आहे, पण त्या हाकेनं अंगावर जो काटा यायचा तो काही येत नाही.

कामही सोपं नव्हतं. पाण्यावरून माणसं एकमेकांची डोकी फोडायची. चारी फोडणाऱ्याला अडवला म्हणून तात्यांनी मारही खाल्लेला. आणि गंमत म्हणजे त्यांचं स्वतःचं रान नाही. सगळ्या गावाला पाणी वाटायचं आणि आपल्याकडं ओल लागेल एवढीही जमीन नाही. घर, आणि घरामागं पेरूचं एकच झाड.

त्या झाडाखाली रघूची आई, शांताबाई, उभी असायची. पाण्याच्या दिवसांत तर हटकून. कपाळाला हात लावून वर बघत. मला वाटायचं, बाई पोपट हाकलतीये. आमच्याकडं पेरूवर पोपट बसले की निम्मं फळ खाली. मी कुंपणावरून म्हणायचे, "शांताबाई, गोफण देऊ का?" ती म्हणायची, "नको बाई, जातील." अबोल बाई. रघू पुण्यात नोकरीला लागला आणि पुढच्याच वर्षी ती गेली. तेव्हापासून घरात तात्या एकटे.

तर रघू. वाट एकेरी आहे म्हणून कुणीही काहीही आत ढकलावं असं त्याच्याकडं चालत नाही. त्याची जी लिहायची भाषा आहे, टाईपस्क्रिप्ट का काय, तिच्यात म्हणे प्रत्येक वस्तूचा प्रकार आधी सांगावा लागतो. आकडा असेल तर आकडा, शब्द असेल तर शब्द. येणाऱ्या प्रत्येक निरोपाच्या माथ्यावर त्याचं नाव लिहिलेलं असतं, हा भाव, ही सूचना, ही चूक. नाव बघून तो त्या त्या खणात घालायचा. हे सगळं कॉम्प्युटरमध्ये चाललंय तोवर ठीक. पण रघूनं ते फाटकावर आणलं.

मी वाटी झाकून घेऊन जाते. तो ओट्यावरून मान वर न करता म्हणतो, "काकू, प्रकार?"

"खायचा."

"या."

बबनराव म्हणून आमच्या पलीकडचे एक गृहस्थ आहेत. त्यांना कुठल्याही घरात काय शिजतंय, काय मोडलंय, कोण आलंय हे कळल्याशिवाय जेवण जात नाही. त्यांना रघूनं विचारलं, "प्रकार?" बबनराव म्हणाले, "काय न्हाई, सहज." रघू म्हणाला, "सहज असा प्रकार नाही माझ्याकडं." बबनराव फाटकातून परत. दुसऱ्या दिवशी आले आणि लांबूनच ओरडले, "चौकशी!" तेव्हा आत घेतलं.

फोनवरही त्याची तऱ्हा. तुम्ही बोलत असला तर मध्ये मध्ये ठरल्यासारखा "हं" म्हणतो. तुम्ही बोलत नसलात तरी म्हणतो. मी एकदा फोन चालू ठेवून दूध उतू गेलं म्हणून आत पळाले, ओटा पुसला, परत आले, तरी फोनमधून "हं" येतंच होतं. मी म्हटलं, "अरे, मी इथं नव्हतेच. हं कशाला करतोस?"

"लाईन जिवंत आहे हे कळायला. कुणीच काही बोललं नाही तर मधल्या यंत्रांना वाटतं, दोघंही गेले. ती तोडून टाकतात. म्हणून काही सांगायचं नसलं तरी एक रिकामी खूण पाठवत राहायची असते. तिच्यात काही नसतं. मी आहे, एवढंच."

"आणि तरी तुटली तर?"

"तुटली तर परत जोडायची. आणि जोडताना सांगायचं, माझ्यापर्यंत शेवटचं काय पोचलं होतं. म्हणजे तिकडचा पहिल्यापासून सुरू करत नाही. तिथून पुढं देतो."

तेव्हा मला गिरणीवाल्याच्या गव्हाचा उलगडा झाला. निदान असं मला वाटलं.

वस्तीसाठी त्यानं एक फुकटचं पान केलंय, पाटाच्या पाण्याचं. आत्ताचा जो पाटकरी आहे, तो मोटरसायकलवरून फिरतो. त्याच्या मोबाईलवर रघूनं रकाने करून दिले, कुठली चारी आणि पाणी किती फूट. त्यानं भरलं की त्याच क्षणाला आमच्या सगळ्यांच्या मोबाईलवर उमटायचं, आणि पाणी पुढच्या चारीला अंदाजे कधी पोचेल तेही. मी ते पान उघडंच ठेवते. डाळ निवडताना बाजूला ठेवलं, की झालं.

पहिलं आवर्तन, म्हणजे पाण्याची पहिली पाळी, झक्कास गेलं. दुसऱ्या वेळी काय झालं, त्या पाटकऱ्याकडं मोजायची पट्टी नव्हती. तो पाटात उतरला आणि इमानदारीत रकान्यात लिहिलं, "मांडीइतकं."

आता 'मांडीइतकं'मधून पुढच्या चारीची वेळ कशी काढायची? रघूच्या पानावर 'हा आकडाच नाही' अशा अर्थाची इंग्रजीतली तीन अक्षरं आली आणि पान तिथंच अडकलं. बबनराव ती अक्षरं घेऊन गावभर विचारत फिरले. आमची चारी शेवटची. मला काही कळलंच नाही आणि पाणी आलं. बागेत झाडांच्या आळ्यांमधल्या जागेत मी मिरच्या वाळत घातल्या होत्या. त्या पोहत निघाल्या. मी पदर खोचून मिरच्यांच्या मागं, आणि रघू लॅपटॉप घेऊन कुंपणाशी.

"काकू, चूक माझी आहे," म्हणाला. "मी लिहून ठेवलं होतं की इथं आकडाच येणार. भाषेनं माझा शब्द मानला. ती फक्त लिहिताना तपासते. प्रत्यक्षात दारात कोण आलं ते ती बघत नाही. ते आपण बघायला पाहिजे होतं."

"आधी ती मिरची धर," मी म्हटलं.

त्यानं दारावर राखण बसवली. येईल ते आधी तपासायचं, मगच आत. मला वाटलं, आता 'मांडीइतकं' परत पाठवून देणार, नियमाचा पक्का माणूस. पण नाही. त्यानं एक नवीन प्रकारच केला, 'जसं आलं तसं'. आकड्यात बसत नसेल तर फेकायचं नाही, त्याच्या शब्दांत खाली दाखवायचं. आता आमच्या पानावर फुटांच्या खाली "मांडीइतकं", "गढूळ हाय", "बेशरमाची झुडपं लई अडकलीत" असलंही येतं, आणि खरं सांगू का, लोक आधी तेच वाचतात.

आता मुख्य गोष्ट. तात्यांचं वाक्य.

दोन वर्षांपूर्वीची संध्याकाळ. तात्या ओट्यावर बसून रघूशी फोनवर बोलत होते. मी इकडं तुळशीशी होते. तात्यांचं फोनवरचं बोलणंही पाटावरच्यासारखं, निम्म्या वस्तीला ऐकू जायचं. म्हणत होते, "रघू, तुला सांगायचं राहून गेलं बग. तुजी आई त्या पेरूच्या झाडाखाली," आणि काहीतरी आपटलं. मी धावले. तात्या कलंडलेले, तोंड वाकडं झालेलं, फोन खाली पडलेला. त्या फोनमधून बारीक आवाजात येत होतं, "हं. हं." त्यानं फोन ठेवला नव्हता. मी उचलून सांगेपर्यंत तो म्हणत राहिला होता.

झटका होता. नगरच्या दवाखान्यात महिना गेला. जीव वाचला, उजवी बाजू लुळी पडली, आणि ज्या माणसाची हाक मैलावर जायची त्याचं वाक्य अर्ध्यावर तुटायला लागलं. मनात सगळं असायचं, डोळ्यांत दिसायचं, पण दोन शब्दांच्या पुढं रस्ता बंद. भेटायला येणारे भले लोक त्यांचं वाक्य पुरं करायचे. तात्या म्हणायचे, "मला जरा," की एक म्हणायचा पाणी, दुसरा म्हणायचा उशी, तिसरा त्यांना धरून उठवायचाच. तात्या रागानं लाल व्हायचे. मग त्यांनी बोलणंच सोडलं. भिंतीकडं तोंड.

रघू पुण्याचं बिऱ्हाड मोडून आला. आल्यापासून तो तात्यांच्या खुर्चीशेजारी बसून काम करतो. दिवसातून एखाद्या वेळी, घाई न करता, म्हणतो, "'तुजी आई त्या पेरूच्या झाडाखाली'." आणि थांबतो. तात्या तोंड उघडतात. कधी नुसतंच उघडतात. कधी एक शब्द पडतो.

मी त्याला म्हटलं, "अरे, त्रास कशाला देतोस त्यांना? राहिलं तर राहिलं."

"त्यांना सांगायचं आहे, काकू. 'राहून गेलं' म्हणाले होते. निरोप नेहमी अख्खा येतो असं नाही. तुकड्यांनी येतो. पहिला तुकडा आला म्हणून त्यावरून उरलेला ठरवायचा नसतो, आणि टाकूनही द्यायचा नसतो. हातात धरून बसायचं. शेवटी एक रिकामी ओळ येते. ती आली की समजायचं, निरोप पुरा झाला."

पण वस्तीला एवढा धीर कुठला? बबनरावांनी उरलेलं वाक्य केव्हाच ठरवून टाकलं होतं. झाडाखाली म्हणजे पुरलंय. काय पुरलंय? दुसरं काय असणार, सोनं. मी म्हटलं, "अहो, शांताबाईच्या गळ्यात काळी पोत होती नुसती." ते म्हणाले, "तेच तर. मग बाकीचं गेलं कुठं?"

त्यात बाथरूमचा घोळ. तात्यांना चाकाच्या खुर्चीवरून नेता येईल असं बाथरूम घराला लागून बांधायचं होतं, आणि सोयीची जागा नेमकी झाडाची. झाडही म्हातारं, वर्षाला चार फळं देणारं. मच्छिंद्र गवंडी विटा टाकून बसला. रघू म्हणाला, वाक्य पुरं झाल्याशिवाय झाडाला हात लावायचा नाही. वाक्यात झाडाचं काय आहे ते कळल्याशिवाय कसं तोडणार?

मच्छिंद्रनं आयुष्यात वाळूसाठी काम थांबवलं होतं, सिमेंटसाठी थांबवलं होतं, वाक्यासाठी पहिल्यांदाच. तो रोज कामाला जाताना मोटरसायकल हळू करायचा आणि विचारायचा, "झालं का वाक्य?"

"नाही अजून."

"कुटवर आलंय?"

मग सगळेच विचारायला लागले. दूधवाला, पोस्टमन, किराणा दुकानदार. झालं का वाक्य? दिवाळीच्या सुमारास एक तुकडा आला, "सायकल." बबनराव दिवसभर अस्वस्थ. संध्याकाळी मला म्हणाले, "काकू, सायकल पुरली आसंल का वो?" मग पौषात आणखी एक आला, "कवाच न्हाई." काय कवाच नाही, ते कुणाला कळेना. रघू मात्र शांत. प्रत्येक तुकडा आधीच्याला जोडून तो तात्यांना ऐकवायचा आणि परत थांबायचा. मला त्याची भीती वाटायला लागली होती. तात्या दिवसेंदिवस थकत होते. जेवण कमी झालं होतं. हे असंच अर्धं राहिलं, तर हा पोरगा उरलेलं आयुष्य तिथंच उभा राहणार, त्या झाडाखालच्या स्वल्पविरामावर.

उन्हाळी आवर्तन सुटलं त्या दिवशी मी त्यांच्या ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. ऊन कलतीला आलेलं. तात्या खुर्चीत, रघूची बोटं त्याच्या कामात. माझा मोबाईल टुंग वाजला. मी मोठ्यानं वाचलं, "आपल्या चारीला पाणी लागलं. दोन फूट." खाली त्या पाटकऱ्याचे शब्द होते, तेही वाचले, "वढ लई हाय, लेकरं संबाळा."

तात्यांनी मान वर केली. मला म्हणाले, "वैनी... पानी."

"हो तात्या. आलं पाणी."

त्यांचा डावा हात उठला, तळवा वळला आणि तोंडाशी गेला. दुसरा हात मांडीवरच राहिला. हाक काही निघाली नाही. पण रघूनं लॅपटॉप मिटला. अगदी हळू म्हणाला, "'तुजी आई त्या पेरूच्या झाडाखाली'."

"उबी," तात्या म्हणाले.

"'तुजी आई त्या पेरूच्या झाडाखाली उबी'."

"उबी ऱ्हायाची." मग बराच वेळ काही नाही. माझ्या तोंडात शब्द आला होता, मी शेंग चावली. "सायकल... फाट्याला आली, की मी हाक... मारायचो. ती तितं. ऐकाया."

"हं."

"तिनं उलटून हाक... कवाच न्हाई दिली. मला वाटायचं, घरी कुनाला पडलीय." कपाळावर घाम आला होता. रघूनं पुसला नाही, पुसला असता तर तुटलं असतं. "आपलं तर रान बी न्हाई. पान्याचं तिला काय? मरायच्या आदी बोलली. म्हनली, पान्याचं न्हाई वो. हाक आली म्हंजी... तुमी हाय."

पाटावर कुणीतरी फावडं धूत होतं, त्याचा आवाज येत होता. तात्या झाडाकडं बघत होते. चेहरा असा मोकळा, की वाकडेपणही दिसेना.

रघूनं नेहमीपेक्षा जास्तच वाट बघितली. मग विचारलं, "संपलं, तात्या?"

"संपलं."

"बरं," म्हणाला, आणि चष्मा काढून आत गेला. बराच वेळ आतून भांडी लावल्याचा आवाज येत राहिला. घरात भांडी किती, चार.

मी तिथंच बसून होते. पोपट म्हणे. एवढी वर्षं कुंपणावरून गोफण द्यायला निघाले होते मी.

दुसऱ्या दिवशी मच्छिंद्रनं मोटरसायकल हळू केली. "झालं का वाक्य?"

"झालं," रघू म्हणाला.

मच्छिंद्र गाडी पाडून आत आला. मागोमाग बबनराव, चपलाही न घालता. "मग? तोडू का झाड?"

"नाही. बाथरूम स्वयंपाकघराच्या बाजूला घेऊ. नळ लांबवावा लागेल."

"आन झाडाखाली?" बबनरावांनी विचारलं.

"आई उभी राहायची."

"आन?"

"एवढंच."

बबनराव झाडाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी सायकल बी न्हाई," आणि गेले.

मी रघूला म्हटलं, "चला, सुटलास बाबा. आता तरी माणसांसारखं बोलत जा. परवा मी दवाखान्यातून आले तर म्हणे 'मला वाटतं गुडघ्याची वाटी'. त्या बबनरावांशी, मच्छिंद्रशी, माझ्याशी हे कशाला? आम्हाला काय झटका आलाय?"

त्यानं नेहमीप्रमाणं माझं पुरं होऊ दिलं. मग म्हणाला, "एकट्या तात्यांशीच तसं बोललो असतो, तर त्यांना कळलं असतं की हे आजारी माणसाशी बोलणं आहे. ते परत भिंतीकडं वळले असते. सगळ्यांशीच तसं बोललो, की त्यांना वाटतं, रघूच तसा आहे." मग म्हणाला, "एकदा मला म्हणाले पण. 'पुन्यात... येडा झाला.' अख्खं वाक्य होतं ते."

वाटी घेऊन गेले होते, ती तात्यांच्या पुढ्यात ठेवली.

आता तात्या रोज संध्याकाळी हाकेचा सराव करतात. खुर्ची ओट्याच्या कडेला घ्यायची, डावा तळवा तोंडाशी. 'पाणी'पर्यंत जातं, 'आलं' निम्मं होतं, 'हो' कधी लागतो कधी नाही. परवा पाटाला पाणी होतं. मी कपडे काढायला मागं गेले, तर रघू पेरूच्या झाडाखाली उभा. स्लीपर घातलेल्या पायांवर, कपाळाला हात लावून. ओट्यावरून हाक आली, चिरकी, तुटकी. त्यानं उलटून काही म्हटलं नाही. नुसता उभा.

मी कुंपणावरून विचारलं, "पोपट हाकलतोयस का रे?"

"हं," तो म्हणाला.